उठलं की डोकं धरतं, आडवं झालं की सुटतं

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरात असंच चाललं असेल तर त्यांनाही धागा सापडेल. तुमच्या वहिनी ४१ वर्षांच्या. देवगड तालुक्यात घर आणि हापूसची कलमं. मे महिन्यात आंब्याचा भरलेला क्रेट टेम्पोत चढवताना दोन खांद्यांच्या मधोमध कळ आली आणि दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. त्याला सहा आठवडे झाले. एका डॉक्टरांनी अर्धशिशी सांगितली, दुसऱ्यांनी मानेचे मणके झिजलेत म्हणून पट्टा दिला. मेंदूचा साधा एमआरआय नॉर्मल आला. आता कोल्हापूरच्या डॉक्टरांना संशय आहे की पाठीच्या कण्यातून पाणी गळतंय. त्यांनी काँट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र उठून दिसावं म्हणूनचं औषध) देऊन पुन्हा एमआरआय आणि मग ‘ब्लड पॅच’, म्हणजे रुग्णाचंच रक्त पाठीत सोडून गळती बुजवणं, सुचवलाय. घरात आई म्हणतात, पाठीत सुई नको, माणूस लुळा पडतो. तुमचे प्रश्न तीन: एमआरआय नॉर्मल असताना हे खरं असू शकतं का, सुई धोक्याची आहे का, आणि वहिनी यंदा लावणीला उभ्या राहतील का.

मी भूलतज्ज्ञ. २६ वर्षं कोकणातच काम करतोय आणि पाठीतल्या सुया हे माझं रोजचं काम आहे. म्हणून सुईबद्दल मोकळेपणाने बोलू शकेन. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलायला हवं. वहिनी म्हणतात ते तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत: ‘आडवी पडलंय काय बरा वाटता, उठलंय काय टकला धरता.’ माझ्या मते एमआरआयच्या अहवालापेक्षा हे वाक्य मोलाचं आहे.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांच्याभोवती एक स्वच्छ पाणी असतं. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसात ते एकावेळी साधारण १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं, तेवढंच शोषलं जातं. विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हाताला हलकी लागते, पाण्याबाहेर आली की दोराला खरा भार येतो. मेंदूचंही तसंच. सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू या पाण्यात तरंगताना ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. कण्यात या पाण्याभोवती जी पिशवी असते त्या आवरणाला, ज्याला आम्ही ड्युरा म्हणतो, कुठेतरी चीर गेली आणि पाणी झिरपायला लागलं की उभं राहिल्यावर मेंदूचा आधार कमी होतो, तो खाली ओढला जातो, त्याला धरून असलेली आवरणं आणि शिरा ताणल्या जातात. आडवं झालं की ओढ संपते. म्हणून दुखणं थांबतं.

अपघात किंवा पाठीतली सुई असं कारण नसताना होणाऱ्या या गळतीचं वर्णन १९३८ साली शाल्टेनब्रांट या जर्मन मेंदूविकारतज्ज्ञाने केलं होतं. म्हणजे आजार नवा नाही. लाखात वर्षाला चार-पाच जणांना तो होतो असा अंदाज आहे. आपल्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास होती. त्या हिशोबाने एकट्या आपल्या जिल्ह्यात दरवर्षी तीस-चाळीस नवे रुग्ण असायला हवेत. तेवढ्यांचं निदान होताना मला दिसत नाही. उरलेले अर्धशिशी, सायनस, मानेचा मणका, पित्त, ‘टेन्शन’ अशा नावांखाली गोळ्या खात असणार. कुणाच्या घरी देवापुढे गाऱ्हाणं घातलं जात असेल, आणि कुणाला ‘काम आलं की हिचं डोकं दुखतं’ असं ऐकावं लागत असेल. यातलं शेवटचं मला फार लागतं. झोपल्यावर माणूस हसतो, बोलतो, पेज पितो, आणि उठवलं की अर्ध्या तासात भिंत धरतो. बघणाऱ्याला ते सोंग वाटतं. ते सोंग नाही, तेच तर लक्षण आहे. हे घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा, वहिनींच्या समोर सांगा.

उभं राहिल्यावर दुखणं लगेच पाच-दहा मिनिटांत येईल असं नाही. काहींना तासाने, काहींना दुपारनंतरच चढतं. आजार जुना होत जातो तसा हा फरक पुसटही होतो. सोबत मान आखडते, मळमळतं, कानात सतत आवाज येतो किंवा समुद्रात बुडी मारून आल्यावर कान भरतात तसं वाटतं, खांद्यांच्या मध्ये दुखतं, काहींना एकाचे दोन दिसतात, काहींना शब्द सुचत नाहीत. वजन उचलणं, जोराचा खोकला, कधी साधं वाकणंही निमित्त ठरतं. पण मूळ दोष बहुतेकदा आधीच असतो: मणक्यावर वाढलेला हाडाचा बारीक काटा, किंवा आवरणातला जन्मजात कमकुवत भाग. त्यामुळे क्रेट उचलायला कुणी सांगितला यावरून घरात वाद नको.

आता एमआरआय. ‘नॉर्मल’ या शब्दाने गळती खोटी ठरत नाही. एक तर तो काँट्रास्टशिवाय काढलाय. कवटी ही बंद पेटी. आतलं पाणी कमी झालं की ती जागा शिरा फुगून भरून काढतात आणि मेंदूवरचं आवरण रक्ताने भरतं. काँट्रास्ट दिल्यावर ते आवरण सगळीकडे सारखं चमकतं. साध्या एमआरआयमध्ये हे सहज निसटतं. दुसरं, काँट्रास्ट देऊनही दर पाच रुग्णांमागे साधारण एकाचा मेंदूचा एमआरआय नॉर्मल येतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी या खुणा मोजायला नऊ गुणांची पद्धत बसवली आहे. पाच किंवा जास्त गुण आले तर कण्यात गळती सापडण्याची शक्यता मोठी, दोन किंवा कमी असतील तर थोडी. रेडिओलॉजिस्टना चिठ्ठीवर नुसतं ‘डोकेदुखी’ लिहून पाठवलं तर ते या नजरेने बघणार नाहीत. ‘उभं राहिल्यावर वाढणारी डोकेदुखी, पाण्याच्या गळतीचा संशय’ असं स्पष्ट लिहून घ्या, आणि मेंदूसोबत संपूर्ण पाठीचा एमआरआयही त्याच वेळी करून घ्या. काँट्रास्टआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. मूत्रपिंडं ठीक असतील तर या औषधाला घाबरायचं कारण नाही.

कुणी म्हणेल, पाठीतलं पाणी काढून दाब मोजू या. नुसता दाब बघायला मी सुई घालू देणार नाही. गळती असणाऱ्या दर तिघांत एकाचा दाब नॉर्मल निघतो, आणि आधीच फाटलेल्या आवरणाला आपण आणखी एक भोक पाडतो.

पाठीच्या एमआरआयमध्ये आवरणाबाहेर पाणी दिसलं तर गळती आहे हे पक्कं. पण भोक तिथेच आहे असं मात्र नाही. तुमच्याकडे भातशेती आहे, तुम्हाला हे लगेच पटेल. खेकड्याने मेरेला, म्हणजे बांधाला, बीळ पाडलं की पाणी खालच्या कुणग्यात, म्हणजे खाचरात, जाऊन साचतं. साचलेलं पाणी बघून बीळ सापडत नाही, मेरेने हात फिरवत जावं लागतं. तसं हात फिरवत जाणारी तपासणी म्हणजे मायलोग्राम: पाठीच्या पाण्यात रंगद्रव्य सोडून ते कुठून बाहेर पडतंय ते सीटी स्कॅनवर किंवा अँजिओग्राफीच्या यंत्रावर बघायचं. ती प्रत्येकाला लागत नाही आणि पहिल्याच टप्प्यावर तर नाहीच.

सुईची भीती. आईंना सांगा, ही भीती मी रोज ऐकतो आणि तिच्यावर हसत नाही. सिझेरियनच्या वेळी घेतलेल्या सुईमुळे जन्माची कंबर गेली असं सांगणारी बाई प्रत्येक वाडीत भेटते. पण शरीराची रचना बघा. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. पहिला ब्लड पॅच आम्ही बहुतेक वेळा त्याच्या खाली देतो. शिवाय सुई पाण्याच्या पिशवीत घालायची नसते, पिशवीच्या बाहेरच्या फटीत थांबवायची असते. रुग्णाला कुशीवर किंवा पालथं घेतो, जागा बधिर करतो, शक्य असेल तिथे सी-आर्मवर, म्हणजे चालू एक्स-रेच्या पडद्यावर, सुईचं टोक बघतो. सुई जागेवर पोचली की दुसरा डॉक्टर निर्जंतुक पद्धतीने रुग्णाच्याच हातातून रक्त काढतो आणि मी ते सावकाश आत सोडतो. साधारण २० मिलिलिटर, कधी त्याहून जास्त. पाठीत किंवा पायात जोराचा दाब वाटतो असं रुग्ण म्हणाला की थांबतो. रुग्ण पूर्ण जागा असतो. तो जागा हवाच, कारण कुठे थांबायचं ते तोच सांगतो.

हे रक्त दोन कामं करतं. बाहेरून दाब देऊन आतलं पाणी वर सरकवतं, म्हणून काहींना टेबलावरच बरं वाटतं. आणि मग गोठून भोकावर लिंपण घालतं. १९६० साली गॉर्मली या अमेरिकी शल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं की पाठीत सुई घालताना थोडं रक्त आलं तर नंतर डोकं कमी दुखतं. त्यावरून त्याने दोन-तीन मिलिलिटर रक्त देऊन ही युक्ती सुरू केली. बाळंतपणातल्या स्पायनलनंतर, म्हणजे पाठीतून दिलेल्या भुलीनंतर, डोकं धरलेल्या बायकांना मी गेली कित्येक वर्षं हेच देत आलोय.

धोके सांगतो, लपवत नाही. पाठ चार-आठ दिवस दुखते, कधी पायात कळ जाते. सुई चुकून पिशवीत गेली तर आणखी एक भोक पडतं. जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गाठ होऊन नसा दबणं अतिशय विरळ. ते टाळण्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, प्लेटलेट तपासायच्या आणि अंगात ताप असताना पॅच घ्यायचा नाही. पावसाळ्यात याला फार महत्त्व आहे. शेतात उतरलेल्या माणसाला लेप्टो, गावात डेंगी, दोन्हीत प्लेटलेट पडतात. आणि ताप असून मान आखडली असेल तर ती गळती समजून घरी झोपवून ठेवू नका. मेंदूज्वर नाही ना, हे त्याच दिवशी बघायला हवं.

किती गुण येतो? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात नुसत्या विश्रांतीने साधारण २८ टक्के रुग्ण सुधारले आणि एका पॅचने ६४ टक्के. २० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त दिलं तिथे गुण अधिक होता. याचा दुसरा अर्थ असा की तिघांतल्या एकाला पहिल्या पॅचने पुरेसं बरं वाटत नाही. तिथेच माणसं खचतात, ‘केलं तेही करून बघितलं’ म्हणून परत गोळ्यांकडे जातात. पहिला पॅच फसला म्हणजे निदान चुकलं असं नाही. काही आठवड्यांनी दुसरा देता येतो. तोही अपुरा पडला तर मायलोग्रामने भोक शोधून नेमक्या त्याच जागी रक्त किंवा फायब्रिनचा चिकट पदार्थ सोडता येतो. हाडाच्या काट्याने पुढून आवरण फाडलं असेल तर बहुधा न्यूरोसर्जनला ते शिवावं लागतं. आणि २०१४ साली एक वेगळाच प्रकार लक्षात आला: पाणी बाहेर साचत नाही, सरळ एका शिरेत उतरतं. अशा रुग्णाच्या पाठीच्या एमआरआयमध्ये काहीच दिसत नाही, पॅचने थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यावर ती जागा शस्त्रक्रियेने बंद करतात, किंवा अलीकडे शिरेतून नळी नेऊन आतून चिकट द्रव भरून बुजवतात. हे सगळं मुंबईसारख्या शहरातल्या मोजक्या ठिकाणचं काम आहे, पण आहे. वाट तिथेच संपत नाही एवढं वहिनींना माहीत असू द्या.

सहा आठवडे झालेत, त्यामुळे ‘आणखी महिनाभर झोपून बघा’ असं मी म्हणणार नाही. पहिले दोन आठवडे विश्रांती, भरपूर पाणी, पेज, कोरा चहा किंवा कॉफी हे ठीक असतं. कॅफीनने थोडा आराम मिळतो, पण त्याने भोक बुजत नाही. वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग फार कमी, आणि रोज खाल्ल्या तर पोट, मूत्रपिंड बिघडतं आणि गोळ्यांचीच डोकेदुखी मागे लागते. मानेचा पट्टा काढून ठेवा. मानेला ताण देण्याची ट्रॅक्शन तर अजिबात नको. तपासणीला जाईपर्यंत एक वही करा: सकाळी किती वाजता उठल्या, किती मिनिटांनी दुखायला लागलं, दहापैकी किती, आडवं झाल्यावर किती वेळात उतरलं. पाच-सहा दिवसांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवलीत तर बोलायला फार काही उरत नाही. झोपून आणि उभं राहून दहा मिनिटांत नाडी किती वाढते तेही लिहा. ती मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढत असेल तर नाडीचा एक वेगळा विकारही लक्षात घ्यावा लागतो. पडून असताना पायांचे घोटे, पोटऱ्या हलवत राहायला सांगा, शिरेत गुठळी होऊ नये म्हणून.

एक प्रसंग सांगतो, कारण तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मासळी विकणारी बाई, पन्नाशीची, एका रुग्णालयात बेशुद्धीकडे झुकलेल्या अवस्थेत आली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना रक्त साचलेलं. शस्त्रक्रियेला भूल मीच दिली. रक्त काढलं, दोन दिवस बरी, मग पुन्हा तसंच साचलं. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलीने सहज सांगितलं, ‘तीन महिने आई टोपली डोक्यावर घेऊन उभी राहूच शकत नव्हती, पण झोपली की छान असायची.’ मानेचा मणका म्हणून तिला उपचार चालले होते. भूल देण्याआधी माझं रुग्णाशी, नातेवाइकांशी बोलणं झालं होतं. साखर, दमा, दातांची कवळी, सगळं विचारलं होतं. हे एक विचारलं नव्हतं. मेंदू खाली ओढला गेल्यामुळे शिरा तुटून रक्त साचत होतं आणि आम्ही खालचं भोक तसंच ठेवून वरून उपसत होतो. पॅच दिल्यावर ती सुधारली, पण ते मधले दिवस तिने विनाकारण काढले. त्यानंतर डोकं दुखतं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

म्हणून तुम्हीही लक्ष ठेवा. आतापर्यंत झोपल्यावर थांबणारं दुखणं झोपूनही थांबेनासं झालं, वहिनी गुंगीत राहायला लागल्या, बोलण्यात गोंधळ झाला, दोन-दोन दिसायला लागलं, झटका आला, हात-पाय कमजोर पडले, तर वाट बघायची नाही. मेंदूत रक्त साचलेलं असू शकतं किंवा शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्याच रात्री निघा.

पॅचनंतर उलटाही प्रकार होतो, तो आधीच माहीत असलेला बरा. गळती बंद झाली की काही दिवस आतला दाब वाढतो. मग डोकं कपाळाकडे, डोळ्यांमागे दुखतं, आणि आडवं झाल्यावर जास्त, उठून बसल्यावर कमी. नजर धूसर वाटते. घरचे घाबरून ‘पॅच फुकट गेला’ म्हणतात. खरं तर बहुधा तो लागू पडल्याची ती खूण असते. उशा उंच करून झोपायचं आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं. अॅसिटाझोलामाइड नावाच्या गोळीने दाब उतरतो. या अवस्थेत चुकून दुसरा पॅच दिला गेला तर त्रास वाढेल, म्हणून दुखणं उभं राहून की आडवं होऊन, हे नेमकं सांगा.

जाण्याबद्दल. कोल्हापूरला जायचं तर घाट लागणार, तेव्हा गाडीत मागच्या सीटवर आडवं करून न्या. गोव्याकडे किंवा मुंबईला जायचं असेल तर कोकण रेल्वेचा बर्थ रस्त्यापेक्षा कितीतरी बरा. पॅच झाल्यावर त्याच दिवशी खड्ड्यांतून परतू नका. पहिला दिवस बराचसा आडवं राहायचं असतं, तेव्हा एक-दोन दिवस रुग्णालयाजवळच राहायची सोय बघून ठेवा. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

घरी आल्यावर चार ते सहा आठवडे वाकणं, पिळणं, उचलणं बंद. म्हणजे विहिरीचं पाणी नाही, पाट्यावरचं वाटण नाही, उकिडवं बसून भांडी नाहीत, केर नाही, नारळ सोलणं नाही, दुचाकीवरून बाजार नाही. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं आणि हाताच्या रेट्याने उठायचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. शौचाला जोर करावा लागू नये असं खाणं ठेवायचं, गरज पडली तर औषध घ्यायचं. चालणं मात्र हवं, अंगणात थोडं थोडं. गोठलेलं रक्त आवरणाला नीट धरेपर्यंतचा हा काळ आहे. बरं वाटायला लागल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बायका कामाला लागतात आणि तेव्हाच ते सुटतं, हे मी पाहिलंय. बरं वाटतंय म्हणून कामाला लागू नका, हे वहिनींपेक्षा घरातल्या इतरांनी पाळायचं आहे, कारण काम समोर पडलेलं दिसलं की त्या उठणारच.

आणि लावणी. नाही, यंदा वहिनी चिखलात उतरणार नाहीत. दिवसभर कमरेतून वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणं हे या आजारात करू नये अशा गोष्टींत अगदी वरचं काम आहे. पॅच आता लवकर झाला आणि सगळं नीट गेलं, तर चतुर्थीला त्या बसून मोदक वळतील, पण मखराचं सामान माळ्यावरून कुणीतरी दुसऱ्याने काढायचं. लावणीसाठी पैरी, म्हणजे कामाची माणसं, आत्ताच बोलून ठेवा, पाऊस लागला की माणसं मिळत नाहीत.